दीनामावशीचा डबा

शनिवारी दुपारी चारच्या सुमारास आमच्या वस्तीत भजन ऐकू यायचं. आवाज चिरका, सूर बेताचा, शब्द निम्मे गिळलेले. रस्त्याकडच्या घरांपासून ते भजन निघालं, की पुढच्या घरांतल्या बायका हातातलं काम टाकून ज्वारीच्या पोत्याकडे जायच्या आणि मूठ मिटून दारात येऊन उभ्या राहायच्या. दीनामावशी डबा घेऊन निघाल्या, हे सांगायला दुसऱ्या कुणाची गरज नसायची.

डबा म्हणजे तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा. त्याच्या तोंडावर जाड निळं फडकं सुतळीनं करकचून बांधलेलं. फडक्याच्या मधोमध एक चीर, हात मनगटापर्यंत आत जाईल एवढी. मावशी डबा उंबऱ्यापुढे ठेवायच्या, ‘सलाम बाई’ म्हणायच्या, मान दुसरीकडे फिरवायच्या आणि मोठ्यानं भजन सुरू करायच्या. घरातल्या बाईनं मिटलेली मूठ चिरेतून आत घालायची आणि मिटलेलीच बाहेर काढायची. घरात जेवढी माणसं, तेवढ्या वेळा. झालं की ‘आमेन’ म्हणायचं. मग भजन थांबायचं, मावशी डबा उचलायच्या आणि पुढच्या घरी जायच्या. वस्तीच्या शेवटी, ओढ्याच्या काठी आमचं देऊळ. जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. तिथल्या कणगीत डबा रिकामा व्हायचा. त्या धान्यातून उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांचा शिधा निघायचा, नाताळाचं जेवण निघायचं.

मी या गावात आलो तो शिक्षक म्हणून. देवगाव फाट्याजवळच्या एका खासगी शाळेत लागलो. शाळा विनाअनुदानित. ‘अनुदान पुढच्या वर्षी येतंय’ हे वाक्य मी तिथे इतकी वर्षं ऐकलं, की हजेरीत त्याचंही नाव घालावं असं वाटायचं. शाळेपासून चार किलोमीटरवर हे गाव आणि गावाच्या कडेला आम्हा ख्रिस्ती लोकांची बावीस घरांची वस्ती. खोली स्वस्त होती, माणसं आपली होती, म्हणून राहिलो.

पहिल्या शनिवारी माझी बायको शीला अजून सोनपेठला माहेरीच होती. दारात डबा आला. मी घरातून मूठभर ज्वारी आणली आणि तळहात उघडून मावशींपुढे धरला. म्हटलं, “बघा मावशी, कशी टपोरी आहे.” मावशींनी बघितलं नाही. त्यांनी माझी बोटं एकेक करून मिटवली. त्यांचा हात विटेसारखा खरखरीत होता.

“सर, मूठ उघडून दाखवायची न्हाई,” त्या म्हणाल्या. “तुमी शिकलेले मानसं. तुमाला काय सांगावं.”

मला वाटलं, कुणी थोडं देतं, कुणी जास्त देतं, ते कळू नये म्हणून हा सगळा खटाटोप. कल्पना मला आवडली. दान गुपचूप करावं असं सांगणारा बायबलमधला उतारा मी उपासनेत दोनदा वाचूनही दाखवला. पण मूठ आत जाताना मिटलेली, हे ठीक. बाहेर येतानाही ती का मिटलेली ठेवायची, हा प्रश्न मला कधी पडला नाही. डबा हा बायकांचा कारभार होता. आम्हा पुरुषांना त्यातलं काही कळत नव्हतं, आणि कळत नाही हेही कळत नव्हतं.

मावशी ठेंगण्या, काटक. कपाळावर कुंकू नव्हतं, पण लहानपणी गोंदवलेला हिरवा ठिपका होता. चष्म्याची एक काडी मोडलेली. तिथे दोरा बांधून तो कानाला अडकवलेला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलता मुलगा पुण्याला कंपनीत होता आणि नाताळाला दोन दिवस यायचा. आपलं वय त्यांना ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणायच्या, “देवाघरी लिवलेलं आसंल. मी कामून ध्यानात ठेवू?” डबा देवळात पोचल्याशिवाय त्या कुणाकडे चहा घेत नसत, पाणीसुद्धा नाही. आणि आठवड्याला बावीस उंबऱ्यांवर उभी राहणारी ही बाई एका घरातला शब्द दुसऱ्या घरात नेत नसे. शीला म्हणायची, मावशींना काही सांगितलं की विहिरीत दगड टाकल्यासारखं असतं, पुन्हा वर येत नाही.

वस्तीला लागूनच धनगराचं एक घर होतं. तिथली कोंडाबाई शेळ्यामेंढ्या राखायची. तीही डब्यात हात घालायची. एकदा आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांचे, पुढारी याकोबनाना यांना हे कळलं. त्यांनी मावशींना भर रस्त्यात अडवलं.

“दीनाबाई, ती आपल्यातली न्हाई. तिचा हात डब्यात कामून?”

“नाना,” मावशी म्हणाल्या, “जवारीला काय बाप्तिस्मा देतेत का?”

नाना हसले आणि बाजूला झाले. ते मनानं वाईट नव्हते. त्यांना फक्त सगळं नियमात लागायचं.

दुसरी गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. मध्ये काही दिवस वारं फिरलं. ख्रिस्ती लोक धान्याची लालूच दाखवून माणसं फोडतात, अशी कुजबुज आमच्याही गावात आली. ज्या हॉटेलात मी रोज चहा प्यायचो, तिथे मी गेलो की बोलणं थांबू लागलं. एका शनिवारी गावातल्या दोन तरण्या पोरांनी मावशींना वळणावर गाठलं. ही हकीकत मला कोंडाबाईनं सांगितली; ती तेव्हा शेळ्या घेऊन तिथेच होती.

“काय वाटायलीस गं म्हातारे?” एकानं विचारलं.

“वाटत न्हाई बाबा, गोळा करायलेय.”

“दाखव.”

“ह्यो डबा दाखवायचा नसतो. हात घालून बघ.” मावशींनी डबा खाली ठेवला, मान शेताकडे फिरवली आणि भजन सुरू केलं. पोरगं गोंधळलं. पण सोबत्यासमोर माघार कशी घ्यायची? त्यानं हात घातला. बाहेर काढला तेव्हा मावशी त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या, “मूठ मीट. मिटूनच ने घरला.” आणि कोंडाबाई शपथेवर सांगायची, ते पोरगं खरोखरच मूठ मिटून गावाकडे चालत गेलं.

मी मावशींना विचारलं, त्यानं काही घेतलं का? की काही टाकलं?

“मला काय ठाव?” त्या म्हणाल्या. “मान तिकडं व्हती.”

त्यानंतर त्यांना कुणी अडवलं नाही. कुजबुज थांबली असं नाही, पण मावशींच्या डब्याचं नाव त्यात पुन्हा आलं नाही.

वस्तीही आतून बदलत होती. पोरं शिकून पुण्याला, संभाजीनगरला गेली, ती तिथलीच झाली. जुने पाळक वारले. नवे पाळकसाहेब तरुण, पाच गावं मोटरसायकलवर सांभाळायचे. त्यांच्या येण्यानं देवळात स्पीकर आला, कीबोर्ड आला. ‘सलाम’ जाऊन ‘प्रेज द लॉर्ड’ आलं. अर्पणासाठी भिंतीवर मोबाइलनं स्कॅन करायचा चौकोन लागला. मावशी उपासनेला पहिल्या सतरंजीवर बसायच्या आणि सगळ्यांना सलामच करायच्या. पाळकसाहेबही मग त्यांना सलाम करायचे.

लॉकडाऊन लागला तेव्हा उपासना बंद झाली, शाळा बंद झाली आणि माझ्या शिकवण्याही बंद झाल्या. शाळेचा पगार नव्हताच; आमचं चार माणसांचं घर शिकवण्यांवर चालायचं. मी तेव्हाही रोज दाढी करायचो, इस्त्रीचा शर्ट घालायचो आणि ओट्यावर पेपर घेऊन बसायचो. शीला वेळेला भाकरी वाढायची. ज्वारी कुठून आणलीस, म्हटलं तर म्हणायची, “भावानं पाठवली सोनपेठहून.” मला बरं वाटायचं. मेहुणा चांगला मिळाला, असं मी दोन-तीन वेळा तिला बोलूनही दाखवलं.

मावशींचा शनिवारचा डबा त्या काळात रोजचा झाला. तोंडाला पदर बांधून त्या निघायच्या. कुणी म्हटलं, मावशी, वयाकडे बघा, रोग लागेल; तर म्हणायच्या, “रोग शनवारची वाट बगत न्हाई, तर भूक कशी बगंल?” वाक्य कानावर पडलं, पण मी ते ऐकलं नाही.

वस्तीच्या मध्यावर हँडपंप आहे. रस्त्याकडची दहा-बारा घरं झाली की मावशी पंपाच्या ओट्यावर डबा टेकवून दम घ्यायच्या. मी त्या वेळी पाणी भरायला तिथेच असायचो. डबा उचलून त्यांच्या डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवून द्यायचो. मग घागर घरी ठेवून, देवळाची किल्ली घेऊन पुढे जायचो. मंडळीचा सेक्रेटरी मीच होतो. माझं अक्षर चांगलं, एवढ्याच गुणावर. पुढची घरं करत मावशी देवळात यायच्या आणि मी कणगीत डबा रिकामा करायचो.

आणि माझ्या लक्षात आलं. पंपापाशी मला दोन्ही हातांनी उचलावा लागणारा डबा देवळात एका हातानं उचलला जायचा. वाटेत आणखी दहा घरं झालेली, तरी डबा भरायच्या ऐवजी हलका. एकदा वाटलं, भास असेल. मग मी मुद्दाम लक्ष ठेवू लागलो. पंपापाशी डबा उचलताना क्षणभर हातात धरून अंदाज घ्यायचो. मावशींचं घर देवळाच्या आधी, शेवटून दुसरं. मी दोन आणि दोन चार केले. गणिताचा मास्तर मी.

लॉकडाऊन उठला. त्याच उन्हाळ्यात वादळानं देवळाचे सहा पत्रे उडाले होते. पत्र्यांसाठी कणगीतलं धान्य विकावं असं ठरलं, आणि कणगी उघडली तर तळाला हात लागला. लोक एकमेकांकडे बघू लागले. तेव्हा मी याकोबनानांना बाजूला घेऊन पंपाची गोष्ट सांगितली. संशय मी पेरला, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. पुढे नाना बोलले म्हणून पुष्कळ जणांना ते नानांचंच काम वाटलं.

रविवारी उपासना संपल्यावर सगळ्यांना बसायला सांगितलं. डबा पुढे आणून ठेवला. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि नाना उभे राहिले.

“दीनाबाई, राग धरू नका. डबा पंपापाशी भरलेला ऱ्हातो. देवळात येतो तवा निम्मा. मधी काय होतं?”

मावशी उभ्या राहिल्या. चष्म्याचा दोरा नीट केला. “मधी घरं हायत,” त्या म्हणाल्या.

“घरं हायत ते आमाला ठाव हाय. तुमचंबी घर मधीच हाय ना?”

“हाय.”

“मग?”

मावशींनी बायकांच्या सतरंजीकडे एकदाही बघितलं नाही. तिकडे पाठ राहील अशा त्या उभ्या होत्या. माझं लक्षही मावशींवरच होतं. बायकांच्या माना खाली गेल्या होत्या, हे मला नंतर आठवलं. तेव्हा वाटलं, त्यांना मावशींची लाज वाटत असेल.

ठराव झाला. शनिवारपासून डबा नाना नेतील आणि तो उघडा असेल. ठराव मी लिहिला, सुवाच्य अक्षरात. मावशी पुढे आल्या, डब्यापाशी बसल्या आणि सुतळीची गाठ सोडू लागल्या. गाठ जुनी होती, सुटायला वेळ लागला. कुणी मदतीला उठलं नाही. शेवटी फडकं निघालं. ते त्यांनी नीट घडी करून कमरेला खोचलं.

“डबा मंडळीचा हाय,” त्या म्हणाल्या. “फडकं माह्या सासूचं हाय.”

सलाम करून त्या निघून गेल्या.

घरी आलो. शीलानं ताट वाढलं. मी समाधानानं म्हटलं, “चला, एकदाचं मार्गी लागलं.” मी भाकरीचा तुकडा मोडला तशी ती समोर बसली.

“अहो,” ती म्हणाली, “ही जवारी कुठली हाय, इचारा.”

“तुझ्या भावाची ना?”

“लॉकडाऊनमधी एसटी बंद व्हती. सोनपेठहून इथवर भाऊ काय उडत आला का? इतके महिने खाल्ली, एकदाबी इचारलं न्हाई तुमी.” तिचा आवाज चढला नव्हता. “आपन चार मानसं. मी चार मुठी काढायची. रोज. रिकामी मूठ घालायची, भरलेली काढायची. मावशी तिकडं तोंड करून गायच्या. आनि मी एकटी न्हाई.”

माझ्या हातातला तुकडा तसाच राहिला. रस्त्याकडच्या घरांत कुणाच्या मुलाचा पगार होता, कुणाची जमीन होती. ती घरं द्यायची. पंपापलीकडची रोजंदारीवरची घरं, आणि इस्त्रीच्या शर्टातलं आमचं घर, ही घ्यायची. मावशी आधी देणाऱ्यांकडे जायच्या आणि मग आमच्याकडे यायच्या. एवढं साधं गणित होतं आणि ते मला सुटलं नव्हतं. सुटलं तर नव्हतंच, वर मी त्यात एका बाईला चोर ठरवलं होतं.

ऊन उतरल्यावर मी मावशींकडे गेलो. त्या चुलीपुढे बसल्या होत्या. मी म्हटलं, येत्या रविवारी मी देवळात उभा राहतो आणि माझ्या घरात कुठली ज्वारी शिजत होती ते सगळ्यांना सांगतो.

“बसा खाली,” त्या म्हणाल्या. “तुमी सांगितलं की लोक इचारतेत, आनि कोन? मग एकेक घर मोजतेत. तुमी मास्तर हाव, तुमाला पचंल. त्या बायांचं काय?”

मग त्यांनी फडक्याची गोष्ट सांगितली. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा डबा सासूकडे होता आणि उघडाच होता. मोठा दुष्काळ पडला. ज्यांच्याकडे टाकायला मूठभरही नव्हतं, त्या बायका डबा आला की दार लावून घेऊ लागल्या. त्यातल्या एका बाईची लेकरं उपाशी आहेत हे कळलं, तेव्हा सासूनं सगळ्यांदेखत डब्यातली ज्वारी तिच्या पदरात ओतली. बाईनं ती नेली, लेकरांना घातली, आणि त्यानंतर ती देवळात कधीच आली नाही. पुढे घर उठवून कुठे निघून गेली, तेही कळलं नाही.

“पोटाला मिळालं, पर बाई गेली,” मावशी म्हणाल्या. “सासू लय रडली. मग लुगडं फाडून तिनं ह्ये फडकं बांधलं. मला म्हनली, दीना, देनारीबी झाकायची आनि घेनारीबी.”

“पण मावशी, तुमचं नाव गेलं.”

त्यांनी चुलीतली लाकडं आत सारली.

“लागलं हाय मला,” त्या म्हणाल्या. “न्हाई म्हनत न्हाई. लय लागलं. नानाचं न्हाई एवढं. तुमी पंपापाशी डबा उचलून द्यायचाव. मला वाटायचं, सरांना म्हातारीची दया येती.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तुमी तोलत व्हताव.”

मी उठून आलो.

शनिवारी नाना उघडा डबा घेऊन निघाले. भजन नव्हतं, तरी बायका दारात उभ्या होत्या. पहिल्या घरची बाई सधन, तिचे दोन मुलगे नोकरीला. तिनं मिटलेली मूठ डब्यात घातली आणि मिटलेलीच बाहेर काढली. पाच माणसांचं घर, पाच वेळा. पाचदा ‘आमेन’ म्हणाली. डब्यात एक दाणा पडला नाही. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. नाना आधी चिडले, मग त्यांनी हाका मारल्या, मग नुसता डबा पुढे धरत गेले. आमच्या दारात शीला उभी होती. तिनं चार वेळा रिकामी मूठ घातली, चार वेळा काढली, आणि नानांच्या डोळ्यांत बघून ‘आमेन’ म्हणाली. कोंडाबाईनंही तसंच केलं. बावीस घरं आणि ते एक घर झालं आणि नाना कोरडा डबा घेऊन देवळाच्या पायरीवर बसले. किल्ली घेऊन मी तिथेच उभा होतो.

“सर,” ते म्हणाले, “समद्या बायांला ठाव व्हतं. आपल्यालाच न्हाई.”

ते उठले आणि डबा मावशींच्या दारात नेऊन ठेवला. ठराव मी वहीतून खोडला. पण माफी कुणी मागितली नाही. पाळकसाहेबांनी रविवारी सगळ्यांच्याच चुकांसाठी एक प्रार्थना केली आणि त्यात आम्ही सगळे लपलो. मीही लपलो. मला ते अजून खुपतं.

पुढच्या शनिवारी फडकं बांधलेला डबा आणि तेच चिरकं भजन रस्त्याकडून निघालं. मी पंपावर होतो. डबा उचलायला पुढे झालो तशा मावशी म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या सर.” त्या ओट्याखाली उकिडव्या बसल्या, डबा ओढून डोक्यावर घेतला आणि गुडघ्यावर हात देत उठल्या. चार वर्षं त्या तशाच उठत राहिल्या. माझ्याशी बोलायच्या, हसायच्या, शीलाची चौकशी करायच्या. डबा मात्र त्यांनी मला उचलू दिला नाही.

मग गुडघे साफ गेले. एका सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि डबा माझ्यापुढे सरकवला.

“शनवारी तुमी जावा.”

म्हटलं, “मावशी, एखाद्या बाईला द्या. मी कसा? मला गाता येत नाही, सगळ्यांना माहीत आहे.” हे खरंच होतं. उपासनेत मी गाऊ लागलो की पुढच्या ओळीतली माणसं वळून बघायची.

“म्हून तर तुमी,” मावशी म्हणाल्या. “तुमी गायला लागलाव की आतलं कुनाला काय ऐकू येनार?” बऱ्याच दिवसांनी त्या मोकळ्या हसल्या. मग हसू गेलं. “आनि तुमाला तोललेलं लागलं हाय. तुमी पुन्यांदा तोलनार न्हाई.”

तेव्हापासून शनिवारी चार वाजता मी निघतो. पहिले काही आठवडे वस्तीतली माणसं पोट धरून हसली. मग सवय झाली. मान कुठे फिरवायची, भजन कधी चढवायचं, हे हळूहळू कळलं. मावशी शेवटून दुसऱ्या घरात खाटेवर असायच्या. डबा खाटेपाशी ठेवला की त्यांची मूठ आत जायची आणि ज्वारी पत्र्यावर पडल्याचा सळसळ आवाज माझ्या भजनातूनही यायचा. एकटं माणूस, एक मूठ. त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं, म्हणून तो आवाज मला येतो हे त्यांना ठाऊक नसावं.

मावशी गेल्या त्याला आता दीड वर्ष झालं. एका गुरुवारी सकाळी शेजारणीला त्या झोपेतच गेलेल्या दिसल्या. मुलगा पुण्याहून आला. ओढ्याकाठी आम्ही त्यांना पुरलं. मूठभर माती टाकायला कोंडाबाई आली, आणि वळणावरच्या त्या दोन पोरांपैकी एक जण लांब उभा होता. त्याच दिवशी रेशन दुकानदाराकडून मला कळलं, की तीन महिने मावशींच्या अंगठ्याचा ठसा मशीनवर उठत नव्हता. आयुष्यभर काम करून रेषाच राहिल्या नव्हत्या. धान्य अडकलं होतं. त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, मुलालाही नाही.

पण त्या गुरुवारच्या आधीचा शनिवार मला आठवतो. मी खाटेपाशी डबा ठेवला. घरात चूल पेटल्याचा वास नव्हता. मावशी उठून बसल्या, भिंतीला टेकल्या आणि त्यांची मूठ पदराखालून निघाली. ती डब्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

“सर,” त्या म्हणाल्या, “जरा मोठ्यानं गावा.”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मी मान दाराकडे फिरवली आणि गाऊ लागलो. ओढ्यापलीकडच्या शेतात काम करणाऱ्या बायकांनी वर बघितलं, इतक्या मोठ्यानं गायलो. एक कडवं संपलं, ते पुन्हा म्हटलं. आवाज फाटला, तरी थांबलो नाही. पाठीमागे काही पडलं की नाही, ते मला ऐकू आलं नाही; मी येऊ दिलं नाही.

“आमेन,” मावशी म्हणाल्या.

मी वळलो. मिटलेली मूठ त्यांनी छातीशी धरली होती. मी सलाम केला. त्यांनी डाव्या हातानं सलाम घेतला. मग मी वाकलो आणि डबा एका झटक्यात डोक्यावर घेतला, त्याचं वजन हातांना कळायच्या आत.